रात्री एक वाजता, सोनेगाव

आजच्या भागाची सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करूया. दिल्ली ते चेन्नई अंतर किती?

फोन हातात आहेच, बघून घ्या. विमानाच्या सरळ रेषेत साधारण १७६० किलोमीटर. विमानाला पावणेतीन-तीन तास लागतात. आता दुसरा प्रश्न. तेच विमान नागपूरवरून नेलं तर किती किलोमीटर वाढतील? दिल्ली-नागपूर साधारण ८५५, नागपूर-चेन्नई साधारण ९१०. बेरीज करून बघा. वाढ जवळजवळ शून्य, पाच किलोमीटरसुद्धा नाही. बरं, आता मुंबई-कोलकाता घ्या. सरळ गेलात तर १६६० च्या आसपास. नागपूरवरून गेलात तर ६८० अधिक ९८५. इथेही तेच, फरक पाच किलोमीटरच्या आत.

म्हणजे भारताच्या नकाशावर पट्टी ठेवून दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-कोलकाता अशा दोन रेषा ओढल्या, तर त्या एकमेकींना कुठे छेदतात? वर्धा जिल्ह्यात! वर्धा आणि हिंगणघाटच्या मधे कुठेतरी. नागपूरपासून सत्तर-एक किलोमीटर. आपल्या गप्पांत 'नागपूर म्हणजे देशाचं सेंटर' हे वाक्य हजार वेळा येतं, पण त्याचा खरा अर्थ या दोन रेषांत आहे असं मला वाटतं.

कारण झिरो माइलचं म्हणाल, तर तिथे थोडा घोळ आहे. विधानभवनाजवळचा तो चार घोड्यांचा आणि वालुकाश्माच्या खांबाचा स्तंभ सगळ्यांनी पाहिलाय, निम्म्या लोकांनी तिथे सेल्फी पण काढलाय. तो ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याचा, १९०७ सालचा. तिथल्या दगडावर उंची कोरलेली आहे, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. बाजूंवर कवर्धा, हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरं आहेत. दिल्ली-मुंबईची नाहीत! तो सर्वेक्षणाचा खुणेचा दगड आहे. आजच्या भारताचा भौगोलिक मध्यबिंदू म्हणून मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातलं करौंदी हे गाव दाखवतात. त्यामुळे कुणी 'झिरो माइल हा देशाचा मध्यबिंदू' म्हणालं की वाद घालायला हरकत नाही. पण पैज लावून संत्र्याची पेटी हरू नका.

भूगोलात मधे असणं ही एक गोष्ट. त्या मधे असण्याचा कुणीतरी रोज उपयोग करणं ही वेगळी गोष्ट. आणि तो उपयोग झाला होता. जवळपास पंचवीस वर्षं, रात्रीच्या रात्री. त्याचीच आज गोष्ट.

आधी रेल्वेचं थोडक्यात सांगून टाकतो. मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने हावड्याकडची बाजू जोडली. १९२९ मध्ये काजीपेठ-बल्लारशाह जोडणी पूर्ण झाली आणि दिल्ली-मद्रास सरळ रूळ मिळाला, ज्यावर ग्रँड ट्रंक एक्सप्रेस धावू लागली. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण हे दोन्ही रूळ नागपूरला एकमेकांना ओलांडतात, तो प्रसिद्ध डायमंड क्रॉसिंग तुम्हाला माहीतच असेल. म्हणजे नकाशावरचा चौक जमिनीवर आधीच तयार होता. पण गाडी ती गाडीच. दिल्लीहून मद्रासला पत्र पाठवलं तर त्याच्या दोन रात्री गाडीतच जायच्या, आणि वर वाटपाचा दिवस.

आता या १९४९ मध्ये.

देश स्वतंत्र होऊन दीड वर्ष झालंय. दळणवळण मंत्री आहेत रफी अहमद किडवाई. युद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराची डाकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली, आणि ती घेऊन भारतात भराभर विमान कंपन्या उभ्या राहिल्या. कंपन्या जास्त, प्रवासी कमी, तोटा भरपूर. विमानं दिवसा उडायची आणि रात्री उभी असायची. दुसरीकडे टपालाचं नेमकं उलटं. माणूस पत्र कधी लिहितो? दिवसभराचं काम आटोपल्यावर. ऑफिसं, बँका, पेढ्या संध्याकाळी टपाल टाकतात. ते टपाल रात्रभर पोत्यात पडून राहणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात चढणार, म्हणजे पोचेपर्यंत दुपार, वाटेपर्यंत तिसरा दिवस.

किडवाईंनी ठरवलं की टपाल रात्री उडवायचं. १९४९ च्या जानेवारीअखेर ही सेवा सुरू झाली. एप्रिलपासून त्याला जोडून दुसरा निर्णय आला, तो मला या सगळ्यातला सर्वात धाडसी वाटतो. देशातल्या देशात साधं पत्र, पोस्टकार्ड, मनीऑर्डर, जिथे विमानाने लवकर पोचत असेल तिथे विमानानेच जाईल, आणि त्यासाठी जादा तिकीट लावावं लागणार नाही. 'ऑल अप' योजना म्हणायचे त्याला. म्हणजे एखाद्या गिरणी कामगाराने गावी पाठवलेलं पोस्टकार्डसुद्धा विमानात बसणार. जो माणूस स्वतः जन्मात विमानात बसणार नाही, त्याचं पत्र बसणार! तेव्हाच्या भारतात हे लहान काम नव्हतं.

पण रात्री उडवायचं म्हणजे नेमकं कसं? इथे त्या दोन रेषा कामाला येतात.

चार मोठी शहरं आहेत: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास. प्रत्येकाचं टपाल उरलेल्या तिघांकडे जायचंय. जोड्या मोजा, सहा होतात. दोन्ही दिशांनी मिळून बारा फेऱ्या. सगळी थेट विमानं सोडायची तर दर रात्री बारा विमानं आणि बारा वैमानिकांच्या जोड्या लागल्या असत्या, आणि प्रत्येक विमान अर्धं रिकामं गेलं असतं. त्याऐवजी काय केलं? चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघणार. चारही नागपूरला येणार. सोनेगावच्या धावपट्टीवर एकमेकांशेजारी उभी राहणार. पोती उतरणार, अदलाबदल होणार, आणि प्रत्येक विमान उरलेल्या तीन शहरांचं टपाल घेऊन सकाळपर्यंत आपापल्या घरी परत. बाराच्या जागी फक्त चार विमानं! शिवाय वैमानिकसुद्धा सकाळी आपल्याच शहरात.

वेळेचं गणित पण बघा. डाकोटा म्हणजे दोन इंजिनांचं पंख्याचं विमान, साधारण २१ प्रवाशांचं. वेग धरा ताशी २७० किलोमीटर. मुंबई-नागपूर अडीच तास. दिल्ली आणि मद्रास तीन-सव्वातीन तास. कलकत्ता सगळ्यात लांब, साडेतीनच्या वर. म्हणजे रात्री नऊ-दहाच्या दरम्यान निघालं की एकच्या सुमारास सगळे नागपुरात. तास-दीड तासात अदलाबदल. पहाटे परत. एका रात्रीत हे बसतं, पण जेमतेम बसतं. नागपूर शंभर-दोनशे किलोमीटर कुठल्याही बाजूला सरकलं असतं तर एका शहराचं विमान सकाळच्या वाटपाआधी पोचलंच नसतं.

आता एक गंमत लक्षात घ्या. दिल्ली-मुंबई सरळ अंतर ११४० किलोमीटर. पण या योजनेत दिल्लीचं पत्र मुंबईला जाताना नागपूरवरून जाणार, म्हणजे १५४० च्या आसपास. चारशे किलोमीटरचा वळसा! मुंबई-मद्रासचं तर विचारूच नका, हजाराच्या जागी जवळजवळ सोळाशे. अंतर वाढलं, विमानातला वेळ वाढला, आणि तरीही पत्र लवकर पोचलं. कारण पत्राला किलोमीटर मोजायचे नव्हते. त्याला एवढंच हवं होतं की संध्याकाळी पेटीत पडावं आणि सकाळी पोस्टमनच्या पिशवीत असावं. आपण अॅपवर 'फ्लाइट टाइम' बघतो तेव्हा हा भाग दिसतच नाही. दुपारी दोनला निघणारं दीड तासाचं विमान कधीकधी रात्रीच्या बारा तासांच्या गाडीपेक्षा जास्त दिवस खातं. नागपूर-मुंबई करणाऱ्या कुणालाही विचारा, दुरांतोवाले का खूश असतात ते.

ही विमानं फक्त टपाल नेत नव्हती, प्रवासीही नेत होती, आणि दिवसाच्या मानाने स्वस्तात. मद्रासहून दिल्लीला निघालेला माणूस रात्री एक वाजता नागपूरला उतरायचा, पाय मोकळे करायचा, दुसऱ्या विमानात चढायचा. त्या वेळी नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, पण देशातल्या अनेकांनी नागपूर म्हणून जे पाहिलं असेल ते एवढंच: मध्यरात्रीची धावपट्टी, दिवे, पोती वाहणारी माणसं, आणि चार शहरांचे झोपाळू प्रवासी एकाच जागी.

ऐकायला छान आहे ना? पण सगळ्यांना ते छान वाटलं नव्हतं. सर्वात मोठा विरोध होता जे. आर. डी. टाटांचा. आणि हा माणूस टपाल विमानाबद्दल अडाणी नव्हता हो. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून मुंबईच्या जुहूला टपाल घेऊन पस मॉथ विमान स्वतः चालवत आणणारा माणूस हाच. त्यांचं म्हणणं साधं होतं. रात्री उडायला जमिनीवर जी व्यवस्था लागते, दिवे, रेडिओ, हवामानाची माहिती, ती आपल्या विमानतळांवर पुरेशी नाही. आधी ती उभी करा, मग विमानं सोडा. किडवाईंना तेवढं थांबायचं नव्हतं. मोठ्या कंपन्या मागे राहिल्या. काम आधी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने घेतलं, ती काही महिन्यांत गळपटली. ऑक्टोबर १९४९ पासून हिमालयन एव्हिएशनने सेवा पुन्हा सुरू केली.

कोण बरोबर होतं? मला विचाराल तर दोघंही, आणि म्हणूनच हा वाद आजही वाचण्यासारखा आहे. किडवाई थांबले असते तर 'पुरेशा सोयी' व्हायला किती वर्षं लागली असती कुणास ठाऊक. सरकारी कामात आधी सोय, मग सेवा असं ठरलं की दोन्ही होत नाहीत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण टाटा ज्या धोक्याबद्दल बोलत होते तो कागदावरचा नव्हता. डाकोटात वादळ दाखवणारं रडार नसायचं. सातपुड्यावरच्या जूनमधल्या ढगांत रात्री ते विमान म्हणजे डोळे झाकून चालणं होतं.

१२ डिसेंबर १९५३. ऑगस्टमध्ये आठ कंपन्या एकत्र करून सरकारने इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन बनवलं होतं, रात्रीचं टपालही आता त्यांच्याकडे होतं. त्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे निघालेलं डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानात १४ जण होते. १३ गेले. वैमानिक तेवढा वाचला. मृतांमध्ये कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते.

सोनेगावात ज्यांची रोजची ड्युटी होती त्यांच्या डोळ्यांसमोर हे झालं. आणि दुसऱ्या रात्रीचं टपाल होतंच. एका टपालाच्या पत्रासाठी माणसाने किती जोखीम घ्यावी, याचं उत्तर १९४९ च्या फाइलींमध्ये कुणी लिहून ठेवलं असेल असं वाटत नाही. सेवा चालू राहिली. पुढे चार इंजिनांची स्कायमास्टर आली, १९५७ पासून व्हायकाउंट आली, ती वेगवान आणि ढगांच्या बऱ्याच वरून उडणारी.

या विमानतळाच्या सगळ्या रात्रींमध्ये एक रात्र मात्र टपालाची नाही. ६ डिसेंबर १९५६.

त्याच्या दोन महिने आधी, ११ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून विमानाने नागपूरला आले होते. १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली. त्या सोहळ्यासाठी नागपूर का, याबद्दल त्यांनी स्वतः तिथल्या नाग लोकांच्या परंपरेचं कारण दिलं होतं, तो विषय वेगळा आणि मोठा आहे, त्यावर स्वतंत्र भाग करू. ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार मुंबईत व्हायचे होते. दळणवळण मंत्री जगजीवनराम यांच्या मदतीने खास विमान ठरवलं गेलं, आणि ते रात्री दिल्लीहून निघालं. दिल्ली-मुंबई. सरळ ११४० किलोमीटर. पण विमान नागपूरवरून गेलं. सोनेगावला ते थांबलं, आणि तिथे अंत्यदर्शनासाठी लोक जमले होते. ज्यांनी आठच आठवड्यांपूर्वी त्यांच्यासमोर उभं राहून दीक्षा घेतली होती, ती माणसं डिसेंबरच्या थंडीत त्याच शहराच्या धावपट्टीवर आली. विमान पुन्हा उडालं आणि पहाटेच्या अंधारात सांताक्रूझला उतरलं.

त्या वळशाचे चारशे किलोमीटर कुठल्याही तक्त्यात बसत नाहीत. २००५ मध्ये या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं नाव दिलं गेलं. रोज हजारो लोक ते नाव वाचतात. त्यातल्या किती जणांना माहीत असेल की ती रात्र याच जागी घडली?

तर, टपाल सेवेचं पुढे काय झालं? तिला जेटने संपवलं. साठच्या दशकात कॅराव्हेल आली, सत्तरच्या सुरुवातीला बोइंग ७३७ आली. संध्याकाळी दिल्लीहून निघालेलं जेट दोन तासांत मुंबईत, मग नागपूरला मध्यरात्री भेटायची गरज काय? विमानाचा वेग ताशी आठशेच्या पुढे गेला तसा मधल्या चौकाचा उपयोग उरला नाही. १९७३ मध्ये रात्रीची ही सेवा बंद झाली. त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले, तेही तिच्या मुळावर आलंच. गंमत बघा, त्याच्या एकच वर्ष आधी, १५ ऑगस्ट १९७२ ला, टपाल खात्याने पिनकोड आणला होता. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले कोकणातले, संस्कृतचे कवी. टपालाला पत्ता नीट मिळाला आणि विमान गेलं.

पण १९७३ हे साल अजून एका कारणासाठी लक्षात ठेवा. १७ एप्रिल १९७३. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या विमानतळावर रात्री १४ छोटी विमानं निघाली. २५ शहरांची १८६ पाकिटं. कंपनीचं नाव फेडरल एक्सप्रेस, म्हणजे आजची फेडेक्स. पद्धत काय? सगळ्या शहरांची विमानं मध्यरात्री मेम्फिसला येणार, पाकिटांची अदलाबदल होणार, पहाटे सगळी परत. शेजारच्या शहराचं पाकीटसुद्धा मेम्फिसवरून फिरून येणार, आणि तरी सकाळी दारात असणार.

ओळखीचं वाटतंय ना? हे 'हब अँड स्पोक' म्हणून जगभरच्या मॅनेजमेंटच्या वर्गांत शिकवलं जातं. आपल्या नागपूरच्या पोरांनाही एमबीएत मेम्फिसचंच उदाहरण मिळतं. कंपनीचे संस्थापक फ्रेड स्मिथ यांनी मात्र नंतर एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं होतं की ही कल्पना त्यांची पहिली नव्हे, भारतीय टपाल खात्याने आणि फ्रेंच टपाल खात्याने असं आधी केलं होतं. भारतीय टपाल खात्याने ते कुठल्या शहरात केलं होतं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

२००२ नंतर नागपूरला मिहान आलं, त्याच्या नावातच मालवाहतुकीचं 'हब' आहे. विमानांच्या देखभालीचं केंद्र उभं राहिलं, मालवाहतुकीचं स्वप्न मात्र घोषणेएवढं मोठं अजून झालेलं नाही. त्यामागचं राजकारण सांगायला बसलो तर तर्रीपोहे थंड होतील, ते नंतर कधीतरी.

दरम्यान एक काम करा. घरी आजी-आजोबांच्या पेटीत १९५०-६० च्या काळातली पत्रं असतील, लग्नाच्या बोलणीची, नोकरीच्या कॉलची, काहीही. पाकीट उलटं करा. पुढच्या बाजूला पत्र टाकल्याचा शिक्का असतो आणि बऱ्याचदा मागे पोचल्याचा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास यांपैकी दोन शहरांतलं पत्र असेल आणि दोन तारखांमध्ये एकाच दिवसाचा फरक असेल, तर ते पाकीट बहुतेक रात्री एक वाजता सोनेगावात होतं. असं काही सापडलं तर आतला मजकूर झाकून शिक्क्यांचा फोटो आम्हाला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात.